तुळशीरामकाकाच्या नावाचा वाटा

धान कापून झालं की आमच्या चंद्रपुराकडे दोन हंगाम बरोबरीनं सुरू होतात. एक तलावातल्या मासळीचा आणि दुसरा साहित्य संमेलनांचा. थंडी पडते, खळी उरकतात, कॉलेजांमध्ये मंडप लागतात आणि मला कुठून ना कुठून बोलावणं येतं. शाल, नारळ, आणि मग परिसंवाद. विषय ठरलेला, लेखकानं अनुभव लिहावा की कल्पना? एका बाजूला अनुभववाले बसतात, दुसऱ्या बाजूला कल्पनावाले, मधे अध्यक्ष. अध्यक्षांनी शेवटी दोन्ही हवं म्हणायचं आणि सगळ्यांनी चहाला उठायचं. या विषयावर मी इतकी वर्षं बोलते आहे की झोपेतून उठवलं तरी बोलेन. पण तिथं जे बोलते ते माझं उत्तर नसतं. माझं उत्तर एका हिवाळ्यातलं आहे आणि ते माइकसमोर सांगायला माझी जीभ रेटत नाही.

यंदाही बोलावणं आलं. मूल गावाकडे जाणाऱ्या एसटीत खिडकीशी बसले होते. दोन्ही बाजूंना कापलेल्या बांध्या, त्यात धानाची बुडखं, कुठं तणसाचे ढीग. मग एक तलाव आला. पाणी उतरलेलं, कडेला काळा चिखल, आणि छातीएवढ्या पाण्यात दोन बाजूंनी जाळं ओढणारी माणसं. बस तिथं थांबली नाही, तरी तो वास आत आला. शेवाळाचा, चिखलाचा, ताज्या मासळीचा. शेजारच्या बाईंनी पदर नाकाला लावला. मी खिडकी आणखी उघडली.

आम्ही ढिवर, जाळ्यावर जगणारी माणसं. सिंदेवाहीच्या पुढं आमचं गाव, जुन्या मालगुजारांनी बांधलेला मोठा तलाव आणि त्याच्या पाळीला, म्हणजे बांधाला, टेकून आमचा मोहल्ला. तलावाचं पाणी आधी धानाचं. धानाचं पोट भरलं की जे उरतं ते आमचं, अशी आमची विभागणी. म्हणून शेतकरी पावसाची वाट पाहायचे आणि आम्ही पाणी उतरायची. एकाच गावात राहून आमचं आभाळाकडे बघणं वेगळं होतं.

मोठं जाळं टाकायचा दिवस म्हणजे आमचा सण. उजाडायच्या आत माणसं पाण्यात उतरलेली असायची. बायका पाळीवर टोपल्या घेऊन, पोरं शेकोटीपाशी. पाण्यावर धूर असायचा. त्यातून माणसांची नुसती डोकी दिसायची आणि एकमेकांना घातलेल्या हाका ऐकू यायच्या. जाळं आवळत आलं की पाणी उकळल्यासारखं व्हायचं. रोहू, कतला, मधेच एखादी दांडगी मरळ. बाहेर आलेल्या माणसांचे ओठ निळे पडलेले असायचे, पण त्या दिवशी थंडी वाजते असं कोणी म्हणायचं नाही. तसं म्हणणं कमीपणाचं होतं.

मग वाटे पडायचे. दर जाळ्यामागे एक, असे पळसाच्या पानांवर मासळीचे ढीग लावायचे. ढीग लावून झाले की माझे बाबा त्यांच्याकडे पाठ करून उभे राहायचे. दुसरा एक जण कुठल्याही ढिगावर हात ठेवून विचारायचा, "हा कोणाचा?" आणि बाबा न बघता तोंडाला येईल ते नाव घ्यायचे. ज्याचं नाव त्याचा तो ढीग. मोठा पडो की लहान, कोणी कुरकुर करायची नाही, आणि एकदा घेतलेलं नाव फिरवायचं नाही. हे काम बाबांकडं होतं, कारण त्यांना कोणाशी वैर धरून ठेवता यायचं नाही. सकाळी भांडले तर संध्याकाळी विसरायचे. आई म्हणायची, हा गुण की रोग ते देवालाच ठाऊक.

तुळशीरामकाका बाबांचा चुलतभाऊ. आमच्या आणि त्याच्या घराची एकच भिंत. पाण्यात तो माशासारखा होता, पण एका हिवाळ्यात म्हणाला, "भाऊ, मले आता कोरड्या जागेत काम पाह्यजे. पायाची बोटं सडून राह्यली." आणि घुग्घुसला गेला. तिथं ट्रकांवर कोळसा भरायचा. सणावाराला, मोठ्या जाळ्याला यायचा तेव्हा कानाच्या पाळीत काळं असायचं. तलावात कितीही घासलं तरी जायचं नाही. गिरजाकाकू, म्हणजे त्याची बायको, हसायची. म्हणायची, "गोरे होते म्हणून तं केलं होतं तुमाले." मूलबाळ नव्हतं. दोघं एकमेकांना पुरत होती.

एका पोळ्याला तो आला, मुक्काम केला, गेला, आणि परत आला नाही. दसरा गेला, दिवाळी गेली. बाबा घुग्घुसला जाऊन आले, माजरीच्या कोळसा खाणींवरही जाऊन आले. कोणी म्हणालं, तो ट्रकवर बसून आंध्राकडे गेला. कोणी म्हणालं, तिकडं मुलचेऱ्याच्या बंगाली निर्वासितांच्या बाजारात त्याच्यासारखा माणूस मासळी विकताना पाहिला. एकानं आवाज खाली करून रस्त्यावरच्या अपघाताचं सांगितलं, पण गेलेला माणूस कोण ते त्याला ठाऊक नव्हतं. बाबा घरी आले, पाय धुतले आणि म्हणाले, "पत्ता नाई लागला."

त्याच हिवाळ्यात ते घडलं. मोठं जाळं निघालं, ढीग लागले. जितकी जाळी पाण्यात उतरली तितकेच. बाबा पाठ करून उभे. हा कोणाचा, हा कोणाचा, नावं पडत गेली. आणि वर्षानुवर्षांच्या सवयीनं त्यांच्या तोंडून निघून गेलं, "तुळशीराम."

 ज्याचा हात त्या ढिगावर होता त्यानं तो उचलला नाही. शेवटी ढीग संपले आणि बाबांच्या स्वतःच्या जाळ्याला काही उरलं नाही.

"भाऊ, तुमाले कमी पडला," कोणीतरी म्हणालं.

"पडू दे," बाबा म्हणाले. "तोंडातून गेलं ते गेलं. गिरजा, टोपलं आण."

काकू टोपलं घेऊन आली. खाली वाकून एकेक मासा भरला. त्या दिवशी आमच्या घरी वांग्याची भाजी होती, आणि मोहल्ल्यात सगळ्यांच्या तोंडी एकच, "जिता असन म्हणून तं नाव आलं. उगीच नाई येत." दुसऱ्या वर्षी कोणी न सांगता एक ढीग जास्तीचा लागला. तिसऱ्या वर्षी ती रीतच झाली. मला त्या वयात आमच्या लोकांचा फार अभिमान वाटायचा. हरवलेल्या माणसाचं पान न उचलणारी माणसं जगात कुठं असतात? आजही वाटतो. फक्त आता त्या अभिमानात एक काटा आहे.

काटा असा की काकूला रडता येईना. एकदा विहिरीवर मासळी धुताना तिचे डोळे भरून आले, तशी भागाबाई नावाची म्हातारी कडाडली, "जित्या माणसासाठी रडू नये वो. त्याचं आयुष्य तुटते." काकूनं मनगटानं डोळे पुसले आणि मासे खवलायला लागली. त्यानंतर मी तिला रडताना पाहिलं नाही. हसतानाही क्वचितच. लग्नात तिला सवाष्णींमध्ये बसवायचे, पण कुंकू लावणारीचा हात तिच्या कपाळापाशी यायचा आणि थोडा थबकायचा. थबकून मग लावायचा. ते थबकणं काकूला दिसायचं. तिचा भाऊ न्यायला आला तर ती गेली नाही, म्हणाली, मी गेली तर त्याचा वाटा कोण घेईन? माणसं चांगुलपणानंही एखाद्याला खुंट्याला बांधून ठेवतात. दोर मऊ असतो म्हणून बांधलेल्याला ओढताही येत नाही.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी मूलच्या कॉलेजात जायला लागले. मराठी शिकवणारे सर होते, बाहेरचे, सरळ माणूस. मी त्यांना माझी पहिली कथा दाखवली. ती समुद्रकिनाऱ्यावरची होती, त्यात लाटा होत्या आणि त्या लाटांकडे बघत निरोप घेणारी दोन माणसं. सरांनी विचारलं, "समुद्र पाहिलाय का तुम्ही?"

"नाही सर."

"मग तलावाचं लिहा. जे जगलात तेवढंच लिहा. बाकी सगळी उसनवारी."

त्यांचं म्हणणं मला इतकं पटलं की मी ते व्रतासारखं धरलं. आणि जगलेलं म्हणजे काय, तर भिंतीपलीकडे काकू होती. मी तिची कथा लिहिली. बाबांच्या तोंडून निघालेलं नाव, जास्तीचा ढीग, थबकणारा हात, वाट पाहणारी बाई. वाट पाहण्यावरच ती संपली, कारण खऱ्यात ती तिथंच येऊन थांबली होती. सर खूष झाले. म्हणाले, "यात एकही वाक्य कल्पनेतलं नाही. आपल्या कॉलेजच्या वार्षिकात घेऊ." मी म्हटलं, आधी काकूला वाचून दाखवते. ते म्हणाले, "दाखवा. पण त्यांच्या सांगण्यावरून बदलू नका."

दुपारची वेळ. काकू ओसरीत पायाच्या अंगठ्याला जाळं अडकवून फाटका भाग सांधत बसली होती. मी वाचलं. तिचा हात चालूच होता. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "हे सगळं तं मले माहीतच आहे. मंग यात तू काय केलं?"

मला हसू आलं आणि रागही आला. सरांनी वाखाणलेल्या कथेची ही वासलात. 

जाळं पुढं ओढत तिनं विचारलं, "शालू, तू लिहितं तं मंग तुह्याच हातात असते ना वो, तो येते का जाते ते?"

मला वाटलं, समजलं हिला काय हवं आहे. "त्याले घरी आणू का, काकू?"

"नाई." तिनं दोरा दातानं तोडला. "त्याले मारून टाक."

 ती माझ्याकडे न बघता बोलत राहिली, हळू, जाळ्याशी बोलल्यासारखी. "इथी त्याले कोणी मरू देत नाई. दरसाल वाटा काढतेत. तुह्या बापाचं मन मोठं आहे, मी नाव नाई ठेवत. पण माहं रडू अडकून राह्यलं, बाई. मले माहीत आहे तो नाई. पाण्यातला माणूस होता, पाणी उतरलं की घरी आल्याबिगर राह्यला नसता. पण मले कोणी तसं म्हणत नाई अन् म्हणू देत नाई. तू लिहून टाक. कुठी मेला, कसा मेला, तोंडात पाणी कोणं घातलं. मंग मले वाचून दाखव."

मी कागद उचलून घरी आले. पुढचे दिवस मला आठवतात ते चुरणाऱ्या धानाच्या आवाजानं आणि अंगाला टोचणाऱ्या कोंड्यानं. सगळं गाव खळ्यावर होतं आणि मी कोऱ्या कागदासमोर बसून घाबरत होते. तीन गोष्टींची भीती होती. सरांची, कारण ही तर निव्वळ उसनवारी होणार होती. बाबांची, कारण ज्याला त्यांनी एका शब्दानं जिवंत ठेवलं होतं त्याला मी मारायला निघाले होते. आणि तिसरी भीती बी.ए.ला असलेल्या मुलीनं कबूल करू नये अशी होती. तो खरंच कुठं जिवंत असला तर? माझ्या लिहिण्यानं त्याचं आयुष्य तुटलं तर? भागाबाईला मी मनात हसले होते, आणि आता तीच माझ्या कानाशी येऊन बसली होती.

लिहिताना कळलं की माझ्याजवळ एकच मरण आहे, माझ्या आजोबांचं. मी ते जवळून पाहिलं होतं. श्वासामधलं अंतर कसं वाढत जातं, तळपाय आधी कसे गार पडतात, चमच्यातलं पाणी ओठांच्या कोपऱ्यातून कसं बाहेर येतं. ते सगळं मी आजोबांच्या अंगावरून उचललं आणि काकाला घातलं. घुग्घुस पाहिलं नव्हतं, पण काकाच्या कानातलं काळं पाहिलं होतं. त्या काळ्यापासून मी एक झोपडी उभी केली, तिच्या पत्र्यावर धूळ घातली. त्याला ताप आणला. त्याच्यासोबत राहणारा, मुलचेऱ्याकडून कामाला आलेला एक बंगाली माणूस आणला, कारण त्याला एकटं मरू द्यायला माझा हात धजेना. बाबांना कळवायचं तर पत्ता कोणाला ठाऊक नव्हता, असं लिहिलं. नदीकाठी त्याला अग्नी दिला.

सगळ्यात जास्त अडलं ते त्याच्या शेवटच्या बोलण्यापाशी. आधी मी लिहिलं, तो "गिरजा" म्हणाला. वाचून पाहिलं आणि खोडलं. काकानं काकूला कधी नावानं हाक मारल्याचं मी ऐकलं नव्हतं. तो तिला "आयकतं का वो" म्हणायचा. ते लिहिलं, तेही खोडलं. तापात असलेला ढिवर काय म्हणेल? त्याला कोणता वास येत असेल? दिवसभर मी वाक्यागणिक तो होऊन पाहिलं. संध्याकाळी एकदम ऐकू आलं. तो त्या बंगाल्याला विचारतो आहे, "आमच्या तलावाचं पाणी उतरलं का गा?" ते मी खोडलं नाही.

अनुभव लिहिताना मला चुकायची भीती कधी वाटली नव्हती. चुकलं तर म्हणता येतं, असंच घडलं होतं. घडलेलं आपल्या मागं भिंतीसारखं उभं असतं. कल्पनेला ती टेकण नसते. एक शब्द खोटा पडला की सगळं मरण खोटं पडतं आणि ऐकणारी बाई तशीच कोरडी राहते. म्हणून कल्पना म्हणजे मोकळं रान आहे असं कोणी व्यासपीठावरून म्हणालं की मला त्याचा हेवा वाटतो. मला ते रान कधी मोकळं मिळालं नाही.

पहिली कथा वार्षिकात छापून आली. तिचं कौतुक झालं, पुढंही ती दोन-तीन ठिकाणी आली. संमेलनांची बोलावणी मला त्याच कथेनं मिळवून दिली. दुसरी मी सरांना दाखवली नाही, कोणालाच नाही. तिची एकच वाचणारी होती, आणि ती वाचणारीही नव्हती, ऐकणारी होती. तुळशीरामकाकाची खरीखुरी बातमी आजतागायत आलेली नाही. तो त्या झोपडीत गेला, दुसरीकडं गेला की अजून कुठं आहे, कोणाला ठाऊक नाही. पण त्या वर्षी मोठं जाळं निघायच्या आधी काकू बाबांकडं आली आणि म्हणाली, "भाऊ, औंदा वाटा माह्या नावानं हाका." बाबांनी पाठ केली, कोणीतरी ढिगावर हात ठेवला, आणि पाळीवर पहिल्यांदाच एका बाईचं नाव घेतलं गेलं. कोणी हरकत घेतली नाही. बातमी कोणी आणली, असं एक-दोघांनी विचारलं. काकू म्हणाली, आणली एकीनं.

परिसंवादात मुली विचारतात, मॅडम, तुमच्या कथा खऱ्या असतात का? मी काहीतरी गुळमुळीत बोलते. त्यांना मी ती दुपार दाखवू शकत नाही.

काकू तशीच ओसरीत बसली होती, अंगठ्याला जाळं. मी दुसरी कथा वाचायला लागले. ताप आला तिथं तिचा हात थांबला. बंगाल्यानं डोकं मांडीवर घेतलं तिथं तिनं सुई खाली ठेवली. तलावाचं पाणी उतरलं का, हे आलं तेव्हा तिनं मान हलवली, हळूहळू, ओळखीचा आवाज ऐकल्यासारखी. मी नदीपर्यंत वाचलं आणि थांबले.

"पाणी कोणं पाजलं म्हणलं?"

"त्याच्या संग राहणाऱ्यानं."

"बंगाली होता?"

"हाव, काकू."

"बरं झालं. एकटा नव्हता."

तिनं अंगठ्यातून जाळं काढलं, नीट घडी केलं, भिंतीशी ठेवलं. उठली आणि विहिरीकडं गेली. बादली ओढली आणि नेसत्या लुगड्यावरच डोक्यावरून घेतली. मग आणखी एक. आमच्याकडे दुपारी, अंगावरच्या कपड्यांनिशी, अशी आंघोळ एकाच वेळी करतात, कोणी गेल्याची बातमी लांबून आली की. भिंतीपलीकडून माझ्या आईनं ते पाहिलं आणि हातातलं सूप टाकून धावत आली.

"काय झालं वो गिरजा?"

"बाई, तुमचे देर गेले," काकू म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. इतक्या वर्षांचं ते रडणं होतं. ते ऐकून मोहल्ल्यातली कुत्रीही उठून उभी राहिली. विहिरीच्या काठाला धरून ती खाली बसली आणि आई तिला धरून बसली. आईला वाचता येत नव्हतं. तिनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या कागदांकडे पाहिलं. तिला काय समजायचं ते समजलं असावं, कारण तिनं मला काही विचारलं नाही. उठून तिनं स्वतःच्या अंगावर पाणी घेतलं. मग बादली पुन्हा भरून माझ्यासमोर ठेवली.

"घे," ती म्हणाली. "काका होता तुहा."

ते मरण मी रचलं होतं. त्यातली झोपडी कुठं नव्हती, तो बंगाली माणूस कुठं नव्हता, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. लिहिताना माझ्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं, मी शब्द जुळवत होते. मी कागद ओसरीत ठेवले, बादली उचलली आणि डोक्यावरून घेतली. हिवाळ्यातलं विहिरीचं पाणी. ते अंगावर पडलं आणि माझा तुळशीरामकाका गेला. मी बादली तशीच हातात धरून, भिंतीला टेकून रडले.

तेवढ्यात बाबा तलावावरून आले. आम्हा तिघींना ओल्या कपड्यांत पाहून दारातच उभे राहिले.

"बातमी आली?"

"आली, भाऊ," काकू म्हणाली.

बाबांनी ती कोणी आणली ते विचारलं नाही. त्यांनी खांद्यावरचं जाळं खाली उतरवलं, सदरा काढला आणि माझ्या हातातून बादली घेतली.